दोन इंच पाणी आणि एक सांधा

२०२३ च्या जुलैमध्ये आमच्या घिवलीच्या घरात स्वयंपाकघराच्या छताला एक डाग पडला. आधी पाच रुपयांच्या नाण्याएवढा होता. आठवड्याभरात भाकरीएवढा झाला आणि मग त्याच्या मधोमध एक थेंब लोंबकळायला लागला. समुद्रकाठच्या घरात पावसाळ्यात ओल येणं ही काही बातमी नव्हे. पण या डागाच्या बरोबर वर आमचा नवा संडास होता. आजीने मान वर करून बघितलं, गॅसवरचं कालवण उतरवलं आणि मागच्या पडवीत जाऊन जुनी चूल पेटवली. "डोक्यावर संडास आणि खाली जेवण, मला नाही जमायचं बाय," एवढंच बोलली. त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चार वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात घालवली, त्यात पदार्थांची ताकद, द्रवांचा दाब असले विषयही पास झाले. पण कमोड जमिनीला नेमका कशाने जोडलेला असतो, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे? रोज आपण त्याच्यावर बसतो, आणि खाली काय आहे याचा विचार कुणी करत नाही. विचार करावा लागू नये, यासाठीच तर ती सगळी व्यवस्था आहे.

डागाबद्दल घरात मात्र मतांची कमी नव्हती. बाबांचं म्हणणं, भूकंप. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात लहान लहान धक्क्यांची मालिकाच सुरू झाली होती. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, आणि आमचा वरचा मजला त्याच वर्षी बांधून झाला. शेजारच्या काकांचं मत, खारी हवा. आणि आमच्याकडे कशाचाच उलगडा झाला नाही तर बोट जातं शेजारच्या तारापूर अणुऊर्जा केंद्राकडे. केंद्राचा आमच्या संडासाशी काही संबंध नव्हता, हे आधीच सांगते. पण गळती कुणालाच सुटलेली नाही, हे मला त्या केंद्राच्याच इतिहासात वाचायला मिळालं. ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झालेलं हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. पहिल्या दोन्ही अणुभट्ट्या मुळात प्रत्येकी २१० मेगावॉटच्या. पुढे त्यांच्या दुय्यम वाफ-जनित्रांतल्या नळ्या गळायला लागल्या, ती जनित्रं वेगळी काढावी लागली आणि १९८० च्या दशकात प्रत्येक भट्टीची क्षमता १६० मेगावॉटवर आणली गेली. तिथेही प्रश्न नळ्यांतून होणाऱ्या गळतीचाच होता.

मी कोडमधल्या चुका शोधते तशी सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. बाथरूमची जाळी चिंध्यांनी बंद केली, हळद घातलेलं पाणी जमिनीवर दोन इंच तुंबवून रात्रभर ठेवलं. सकाळी छताला पिवळेपणा नव्हता. म्हणजे फरशी ठीक. मग आजीकडून कपड्यांची नीळ घेतली, कमोडमध्ये ओतली आणि फ्लश केलं. वीस मिनिटांनी स्वयंपाकघरातला थेंब निळा झाला.

म्हणजे गळती कमोड आणि त्याखालचा पाईप यांच्या सांध्यात होती. ज्यांनी ते बसवलं होतं त्या मिस्त्रींना बाबांनी बोलावलं. त्यांनी येऊन पाहिलं, कमोडच्या बुडाभोवतीच्या पांढऱ्या सिमेंटवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अजून एक हात व्हाईट सिमेंट मारतो दादा, बंद होईल." बाबा म्हणाले, "आधी उचलून तर बघा खाली काय झालंय." मिस्त्री दोन पावलं मागे सरले. "नवा कोरा बसवतो मी. वापरलेला उचलायचा म्हणजे... त्याला त्यांच्यातला माणूस बघा."

त्यांच्यातला म्हणजे कुणातला, हे बाबांनी विचारलं नाही. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. त्या रात्री मी कमोडची माहिती शोधायला बसले आणि पाईप-सिमेंटच्या माहितीतून कधी इतिहासात शिरले, ते कळलंच नाही.

घड्याळजी, कुलूपवाला आणि काळा घोडा

संडास घराबाहेर असण्याचं पहिलं कारण वास. इंग्लंडमध्ये १५९६ साली सर जॉन हॅरिंग्टन याने फ्लशच्या संडासाचं वर्णन छापलं. हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र. त्याच्या यंत्रात मैला पाण्याने वाहून जायचा, पण खालच्या हौदातला वास वर यायला वाट मोकळी होती. त्यामुळे ते फारसं कुणी घरात घेतलं नाही.

पावणेदोनशे वर्षांनी, १७७५ मध्ये, लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने पेटंट घेतलं. त्याने भांड्याखालची नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वाकवली. त्या बाकात थोडं पाणी कायम साचून राहतं. मैला पाण्यातून पलीकडे जाऊ शकतो, हवा मात्र पाणी ओलांडून अलीकडे येऊ शकत नाही. आज आपण ज्याला वॉटर सील म्हणतो ते हेच. तुमच्या कमोडमध्ये जे पाणी दिसतं ते धुण्यासाठी नसतं. ते दार आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या कमोडमध्ये या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असते.

तीन वर्षांनी जोसेफ ब्रामा याने यात सुधारणा केली. कमिंगची सरकती झडप अडकायची, गळायची. ब्रामा पुढे कुलपांसाठी प्रसिद्ध झाला. एक घड्याळवाला, एक कुलूपवाला. दोघांचंही काम बारीक फटींशी.

पण बाकातलं पाणी हे एक दार झालं. भांडं आणि पाईप जिथे भेटतात तो सांधा म्हणजे दुसरं दार. ते उघडं राहिलं तर पहिल्याचा उपयोग नाही, कारण वास आणि पाणी दोन्ही बाजूने निसटतात. या दुसऱ्या दाराकडे इंग्लंडचं लक्ष गेलं ते एका आजारपणामुळे. १८७१ च्या शेवटी व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, विषमज्वराने मरता मरता वाचला. स्कारबरो इथल्या ज्या हवेलीत तो पाहुणा होता, तिथले आणखी दोघे मात्र दगावले. दोष गेला हवेलीच्या गटारांना. गटारातली हवा घरात शिरते आणि माणसाला मारते, अशी भीती श्रीमंत घरांत पसरली. लोक आपापले सांधे तपासून घ्यायला लागले. त्याची एक पद्धत फार गमतीची होती. छतावरून मैलापाण्याच्या पाईपात पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतायचं, आणि खाली दुसऱ्या माणसाने खोल्याखोल्यांतून हुंगत फिरायचं. जिथे पेपरमिंटचा वास येईल तिथे सांधा गळका. माझी नीळ आणि त्यांचं पेपरमिंट, युक्ती एकच.

हा राजपुत्र पुढे बरा झाला आणि नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईत आला. त्याच्या भेटीची आठवण म्हणून उभारलेला घोड्यावरचा पुतळा ज्या चौकात होता, त्याला आपण आजही काळा घोडा म्हणतो. मूळ पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा आला, स्वार नसलेला. पुढच्या वेळी तिथे फोटो काढाल तेव्हा आठवा, की त्या हरवलेल्या स्वारामुळे इंग्लंडातल्या किती घरांचे सांधे तपासले गेले.

त्यांची समजूत चुकीची होती. विषमज्वर वासातून होत नाही, तो दूषित पाण्या-अन्नातून होतो. पण चुकीच्या समजुतीतून सांधे मात्र घट्ट झाले. १८८० च्या दशकात टॉमस ट्वायफर्डने चिनी मातीचा अखंड, एका तुकड्याचा कमोड बाजारात आणला. आधीची भांडी लाकडी पेटीत झाकलेली असत. गळती झाली तरी लाकूड कुजेपर्यंत कळायचं नाही. ट्वायफर्डचा कमोड उघडा उभा होता. खाली पाणी आलं की दिसायचं.

हाऊस गल्ली

मुंबईने हे सगळं तयार असताना आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडेही घरात वास नव्हता. पण त्यासाठी पाण्याचं दार वापरलेलं नव्हतं. माणूस वापरलेला होता.

जुन्या मुंबईत दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे करून मधे एक अरुंद बोळ सोडलेला असे. ही हाऊस गल्ली. संडास त्या बाजूला, खाली टोपली. कामगार पाठीमागून यायचे, टोपली ओढायचे, भरलेला मैला डोक्यावरून किंवा गाडीतून न्यायचे. पुढच्या दाराने राहणाऱ्याला त्यांचं तोंडही दिसत नसे. पुण्याच्या वाड्यांत याला शेतखाना म्हणत. मूळ शब्द सेहतखाना, म्हणजे आरोग्याची जागा. काम करणाऱ्यालाही असाच चांगला शब्द दिलेला होता, हलालखोर. अर्थ, कष्टाचं, हक्काचं खाणारा. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात पाणीपट्टीच्या शेजारी चक्क 'हलालखोर कर' आहे. नळाचं बिल भरावं तसा माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या टोपलीचा कर भरला जाई.

गटारं आली नाहीत असं नाही. १८६५ नंतर आर्थर क्रॉफर्डच्या काळापासून योजना निघाल्या, मुख्य गटारं झाली, वरळीला लव्ह ग्रोव्हचं उपसा केंद्र झालं. पण रस्त्याखालून गटार जाणं वेगळं आणि चाळीतला संडास त्याला नीट सांध्याने जोडणं वेगळं. बिडाच्या पाईपाचे सांधे सुतळी ठासून त्यावर वितळलेलं शिसं ओतून करावे लागत. मातीच्या पाईपाला डांबरात भिजवलेली दोरी आणि वर सिमेंट. हे कौशल्याचं आणि खर्चाचं काम. भाडेकरूंच्या चाळीसाठी ते कोण करणार? टोपली स्वस्त पडत होती, कारण ती वाहणारा माणूस स्वस्त होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. तेव्हा संशय पुन्हा गटारांवरच गेला. कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी गटारांमधून वाहवलं गेलं. प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत १८९८ मध्ये दाखवलं, तोवर दोन वर्षं गेली होती. लंडनसारखीच चुकीची समजूत. फरक एवढाच की तिकडे त्यातून घरोघरचे सांधे दुरुस्त झाले, इकडे टोपली आणि ती वाहणारे पुढेही कित्येक वर्षं तसेच राहिले.

या शहरातून आणि या काळातून एक मराठी शब्द मात्र साऱ्या देशाच्या प्लंबिंगमध्ये गेला. बाथरूमच्या जाळीखाली पाणी धरून ठेवणारं जे भांडं असतं, त्याला दिल्लीतल्या दुकानातही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. सरकारी मानकांतही तोच शब्द आहे. आपली न्हाणी. वापर नसला की या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि दार उघडं पडतं. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींत सार्सची लागण तीनशेहून जास्त रहिवाशांना झाली, तेव्हा तपासात बाथरूममधल्या सुकलेल्या ट्रॅपचाही मोठा वाटा निघाला. मे महिन्यात घर बंद करून गावाला गेलात, तर परत आल्यावर आधी जाळीत तांब्याभर पाणी ओता.

वीस मिलिमीटरचा कायदा

आपल्याकडे या प्रश्नाला हात घालणारे लोक आधी टोपलीपर्यंत गेले, मग सांध्यापर्यंत. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी सफाईचं काम मागितलं. तुरुंगाने नाकारलं, कारण ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचं. अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं. बातमी येरवड्यात पोचली तेव्हा गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरमध्ये उपास धरला. एका माणसाला संडास साफ करू द्यावा, यासाठी दोन तुरुंगांत उपोषण. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी खत करणारे संडास केले, म्हणजे उचलायला कुणी लागूच नये.

१९४९ मध्ये मुंबई राज्याने सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करायला व्ही. एन. बर्वे यांची समिती नेमली. १९५७ मध्ये केंद्रीय पातळीवर मलकानी समिती आली. डोक्यावरून मैला वाहणं कसं थांबवायचं, हा त्यातला मोठा प्रश्न. ढकलगाड्या द्या, हातमोजे द्या, असे उपाय. खरा उपाय होता टोपलीच नको असा संडास. तो स्वस्तात, कमी पाण्यात कसा करायचा यावर देशभर प्रयोग चालू होते. त्यातून जे भांडं आलं ते तुम्ही गावोगावी पाहिलं असेल. तीव्र उताराचं, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होणारं, आणि खालच्या बाकात फक्त २० मिलिमीटर पाणी धरणारं. मागे दोन शोषखड्डे. एक भरला की दुसरा वापरायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातलं सगळं मातीसारखं खत होतं, वास नाही, धोका नाही.

देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी आयुष्य यातच घालवलं. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर म्हणून गेले, गावात संडासच नाहीत हे पाहिलं. सुरुवातीला बांधलेले संडास पावसाळ्यात खचले. तेव्हा ते हार मानून बदली मागू शकले असते. ते तिथेच राहिले, माती आणि पाणी समजून घेतलं, मैल्यापासून गॅस देणारा 'मलप्रभा' संडास तयार केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. इतकी वर्षं एका गावात राहून त्यांनी प्रवचनं कमी दिली आणि खड्डे जास्त तपासले, म्हणून मला ते फार जवळचे वाटतात.

आणि मग १९९३ चा कायदा. हाताने मैला साफ करण्यासाठी माणूस ठेवायला आणि कोरडे संडास बांधायला बंदी करणारा. त्यात कोरड्या संडासाची व्याख्या काय आहे? वॉटर सील नसलेला संडास. आणि वॉटर सील म्हणजे किती, तर किमान २० मिलिमीटर. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी ते तीनदा वाचलं. माणसाने माणसाचा मैला वाहावा की नाही, ही रेघ कायद्याने बोटभर पाण्यावर ओढली आहे. २०१३ चा नवा कायदा पुढे गटारं आणि सेप्टिक टँक हाताने साफ करण्यापर्यंत गेला. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. नुकसानभरपाई वाढवावी लागली, यावरूनच कळतं की माणसं आत उतरायची थांबलेली नाहीत.

आजीचं पाणी

दुसऱ्या दिवशी मी पडवीत आजीला हे सगळं सांगत होते. हलालखोर कर वगैरे. ती मासे साफ करत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या कुर्ल्याला होते की टोपलीचे."

लग्नानंतर काही वर्षं आजी कुर्ल्याच्या बैठ्या चाळीत राहिली, साठच्या दशकात. त्याआधी घिवलीत असताना संडास म्हणजे समुद्रकिनारा. पहाटे अंधारात बायकांनी एकत्र जायचं, उजाडायच्या आत परत यायचं, बाकीचं भरती बघून घेईल. म्हणून कुर्ल्याचा संडास, दाराला कडी असलेला, हे तिला सुख वाटलं होतं. सकाळी एक बाई मागून यायची. आजी तिच्यासाठी जो शब्द वापरायची तो मी इथे लिहीत नाही. ती पाणी मागायची. चाळीतल्या बायका उंचावरून तिच्या ओंजळीत ओतायच्या, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. आजीही ओतायची.

"एकदा पावसात तिची टोपली गळत होती," आजी म्हणाली. "केसांवरनं, तोंडावरनं. आणि तिने पाणी मागितलं, तर मी वरनंच ओतलं. जवळ नाही गेले."

मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"विचारलंच नाही कधी." मग बराच वेळ ती बोलली नाही. शेवटी सुरी ठेवून म्हणाली, "तो मिस्त्री काय बोलला ते मी ऐकलं. तुम्ही बापलेकीच उचला तो कमोड. त्यात काय आहे."

मागची तीन बोटं

उचलला. बोईसरहून छन्नी, रबरी पॅन कनेक्टर आणि सिलिकॉनची नळी आणली. सगळं मिळून हजाराच्या आत. पाण्याची तोटी बंद केली, टाकी रिकामी केली, बाकातलं पाणी मगाने आणि फडक्याने काढलं. बाबांनी बुडाभोवतीचं पांढरं सिमेंट फोडलं. दोन बोल्ट काढले, दोघांनी दोन बाजूंनी धरून कमोड हलवत हलवत उचलला आणि गोणपाटावर आडवा ठेवला. पाईपात लगेच चिंध्यांचा बोळा कोंबला, गॅस वर येऊ नये म्हणून.

खालचं दृश्य बघून मला हसू आलं आणि रागही. चार इंची पाईप जमिनीच्या पातळीच्या दीड इंच खालीच कापलेला होता. कमोडची शेपटी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. मधली जागा सिमेंटने भरलेली. सिमेंट सुकताना आकसतं, गुळगुळीत पीव्हीसीला ते धड चिकटत नाही, आणि माणूस बसला की कमोड केसभर हलतो. रोजच्या हलण्याने ते सिमेंट चिरलं होतं. दर फ्लशला थोडं पाणी त्या चिरेतून निसटून विटांच्या कोब्यात मुरत होतं. चार वर्षं. बाहेरून पांढऱ्या सिमेंटची सुंदर गोल किनार असल्यामुळे वर काही दिसतच नव्हतं. पाण्याला बाहेर यायला वाट नव्हती, म्हणून ते स्लॅबमधून खाली गेलं. भूकंप नाही, खारी हवा नाही, अणुभट्टी नाही.

आमच्या धंद्यात याला एरर गिळणं म्हणतात. प्रोग्रामला चूक सापडते, पण तो ती कुणाला सांगत नाही. स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. असा प्रोग्राम चुकलेल्या प्रोग्रामपेक्षा वाईट, कारण कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

अमेरिकेतल्या व्हिडिओंत कमोडखाली मेणाची जाड कडी दाबून बसवतात. तिकडे पाईपाला जमिनीवर पक्की चकती असते, त्यावर ती बसते. आपल्याकडे सहसा तसं नसतं. इथे हवा रबरी ओठांचा कनेक्टर. तो एका टोकाला कमोडची शेपटी आवळून धरतो, दुसऱ्या टोकाने पाईपात घट्ट बसतो, आणि कमोड थोडा हलला तरी रबर त्याच्याबरोबर हलतं. आम्ही पाईपाला तुकडा जोडून पातळी वर आणली, कनेक्टर बसवला, कमोड सरळ खाली दाबला, बोल्ट आवळले. फार नाही, चिनी माती तडकते.

आता बुडाची किनार. आपली बाथरूम सतत ओली असते, बादलीने पाणी मारतो आपण. ते पाणी कमोडखाली शिरू नये म्हणून किनार बुजवायलाच हवी. म्हणून समोरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलं. मागच्या बाजूला, भिंतीकडे, तीन बोटं जागा मुद्दाम मोकळी ठेवली. उद्या आतला सांधा पुन्हा गळला, तर पाणी त्या फटीतून फरशीवर येईल आणि आम्हाला त्याच दिवशी कळेल. सांधा आत घट्ट हवा. बाहेरची किनार फक्त बाहेरचं पाणी अडवण्यापुरती. आतली गळती झाकणं हे तिचं काम नाही.

हाऊस गल्ली म्हणजे तीच पांढऱ्या सिमेंटची किनार होती, असं मला वाटतं. शहराचा सांधा गळत होता आणि शंभर वर्षं ती गळती कुणाच्या तरी केसांवरून, तोंडावरून वाहत होती. पुढच्या दाराने राहणाऱ्यांना सगळं कोरडंच दिसलं.

चोवीस तासांनी पुन्हा नीळ ओतली. थेंब आला नाही. हळूहळू छत सुकलं, डागाची तपकिरी कड तेवढी राहिली. बाबा रंग लावणार होते. आजी म्हणाली, "राहू दे. परत ओला झाला तर कळेल." त्या रविवारी ती स्वयंपाकघरात आली, आधी वर बघितलं, मग गॅस पेटवला.

सांधा झाला, पण पाईपाच्या दुसऱ्या टोकाला आमची सेप्टिक टाकी आहे. किनाऱ्याच्या वाळूत पाणी वरच लागतं, त्यामुळे आमच्याकडे शोषखड्डे नीट चालत नाहीत, टाकीच लागते, आणि टाकी कधीतरी उपसावी लागते. यंदा डिसेंबरमध्ये टँकर बोलावला. फोनवर बाबांनी दोनदा विचारलं, "आत कुणी उतरणार नाही ना? फक्त पाईप सोडणार ना?" पलीकडून उत्तर आलं, "गाळ घट्ट असला तर बघू." बाबा म्हणाले, तसं असेल तर पाणी घालून थांबू, दोन फेऱ्यांचे पैसे देतो, पण उतरायचं नाही.

टँकरबरोबर एक मुलगा आला होता, माझ्यापेक्षा लहान. पाईप सोडला, पंप लावला, कुणी उतरलं नाही. काम झाल्यावर त्याने हात धुतले आणि पाणी मागितलं. आजी आत गेली. ती कुठलं भांडं घेते, हे मी मुद्दाम पाहत होते. मांडणीसमोर ती क्षणभर थांबली, तेही मी पाहिलं. मग तिने रोजच्या वापरातला स्टीलचा पेला भरून घेतला, अंगणात गेली आणि त्याच्या हातात दिला. "नाव काय रे बाळा तुझं?" तिने विचारलं.